रिकाम्या गाडीचं वजन

१

नाहूरच्या त्या गोडाऊनमध्ये भरलेल्या गाड्या तर तोलायचेच, पण रिकाम्याही तोलायचे. संध्याकाळी परत आलेला टेम्पो आधी फाटकाजवळच्या वजनकाट्यावर चढायचा, ड्रायव्हर खाली उतरायचा, वजन घेतलं जायचं आणि मगच गाडी आत यायची. हा नियम जयवंतने घातला होता. दोन वर्षांपूर्वी एक ड्रायव्हर दुकानांत एखाददुसरं खोकं कमी उतरवून ते ताडपत्रीखाली दडवायचा आणि दुसऱ्या दिवशी परस्पर विकायचा. जयवंतने रिकाम्या गाड्या तोलायला लावल्या आणि तिसऱ्याच दिवशी तो पकडला गेला. तेव्हापासून श्यामसुंदर शेठने गाड्यांचा सगळा कारभार त्याच्यावर सोपवला होता.

कारभार धुण्याच्या साबणाचा आणि पावडरीचा. कारखान्याचे ट्रक माल आणून टाकायचे आणि इथून सहा टेम्पो तो ठाण्यापासून बोरीवलीपर्यंतच्या दुकानांत पोचवायचे. कुठली गाडी कुठल्या रस्त्याने न्यायची, कोणाचा माल आधी चढवला म्हणजे तो शेवटी उतरेल, कुठला दुकानदार दुपारी शटर ओढून झोपतो, हे सगळं जयवंतच्या डोक्यात असायचं. एकदा गाडी फाटकाबाहेर पडली की मात्र संध्याकाळपर्यंत ती कुठे आहे, काय करते आहे, हे कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून त्याचा सगळा भरवसा काट्यावर.

काट्याच्या खोलीत नलिनी बसायची. तिशीच्या आतली, चटपटीत, तोंडाने फटकळ. सत्याऐंशीच्या जानेवारीतल्या एका मंगळवारी चार नंबरचा टेम्पो चारकोपहून परत आला आणि तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"साहेब, एक्केचाळीस किलो जास्त."

"डिझेल धरलंस का?"

"डिझेल धरूनच सांगतेय ना."

जयवंतने टेम्पोचं मागचं दार उघडलं. बंद बॉडीची गाडी, आत पत्र्याचा डबा. तळाला सांडलेल्या पावडरीचा पांढरा थर, कोपऱ्यात गुंडाळलेली ताडपत्री, बाकी काही नाही. त्याने ताडपत्री उलगडली, सीट उचलून पाहिली, खाली वाकून स्टेपनी पाहिली.

धाकूकाका बाजूला उभे राहून विडी ओढत होते. ते त्याच्या वडिलांचे गिरणीतले जोडीदार, मूळचे मालवणकडचे. संपात गिरणी बंद पडली तेव्हा जयवंतनेच त्यांना इथे ड्रायव्हर म्हणून लावून घेतलं होतं. साठीला टेकलेला, कधी कोणाच्या पै-पैशाला हात न लावलेला माणूस.

"काका, वाटेत काही घेतलंत का गाडीत?"

"माका इचारू नको," धाकूकाका म्हणाले. "मी मागे बघूक नाय."

हे काही उत्तर नव्हतं. पण काट्याची दुरुस्ती बरेच दिवस झाली नव्हती, म्हणून जयवंतने तो दोष काट्यावर टाकला आणि घरी गेला.

२

बुधवारी सत्तावन्न किलो जास्त आले. गुरुवारी अठ्ठेचाळीस. दुरुस्तीवाला कारागीर आला, काट्याखालच्या खड्ड्यात उतरून दोन तास खटपट करून वर आला आणि काटा बरोबर असल्याचं सांगून गेला. बाकीच्या पाच गाड्या रोज जशा जायच्या तशाच परत यायच्या, किलोचा फरक नाही. जयवंतने धाकूकाकांना चारऐवजी दोन नंबरचा टेम्पो दिला. शुक्रवारी दोन नंबर त्रेसष्ट किलो जास्त घेऊन आला, आणि चार नंबर ठाण्याहून अगदी नेमका परतला.

म्हणजे दोष गाडीत नव्हता. आता ड्रायव्हर बदलून पाहायचं उरलं होतं. ते जयवंतला सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण त्याने ते पुढे ढकललं. तसं केलं की काकांबद्दल जे काय असेल ते कायमचं कळणार होतं.

शनिवारी एकोणीस किलो आले.

नलिनीने तो आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. "साहेब, एक बोलू? हसायचं नाही."

"बोल."

"इथे यायच्या आधी मी म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात होते. केसपेपर काढायचे आणि पेशंटचं वजन घ्यायचं. वर्षभर तेच केलं. एक्केचाळीस, सत्तावन्न, अठ्ठेचाळीस, त्रेसष्ट." "साबणाची खोकी अशी येत नाहीत हो. सगळी खोकी एका वजनाची असतात. ही माणसांची वजनं आहेत."

"आणि एकोणीस?"

नलिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही. "पाच-सहा वर्षांचं असेल," ती म्हणाली.

जयवंत हसला नाही, पण त्याने तिला ओरडून गप्प केलं. त्या दिवशी तो उशिरा निघाला. सगळे गेले होते, ऊन गोडाऊनच्या पत्र्यावरून उतरत होतं. हात धुवायला तो मागे गेला, तर गोडाऊनचं मागचं दार सताड उघडं. ते लोखंडी दार सहसा कोणी वापरत नसे. त्याच्या पलीकडे एक गटार, गटारावर आडवी टाकलेली फळी, आणि मग खाडीपर्यंत पसरलेलं खाजण, खारट चिखलाची दलदल. दाराच्या एका बाजूला धाकूकाका उभे होते. टोपी हातात, मान खाली. लग्नघरी पाहुण्यांना वाट देताना माणूस उभा राहतो तसे.

दाराबाहेर कोणी नव्हतं.

जयवंत तसाच परत फिरला. घरी जाताना त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली. माल गाडीतून येतो आणि मागच्या दाराने जातो.

३

श्यामसुंदर शेठने सगळं ऐकून घेतलं. शेठ वाईट माणूस नव्हता, पण त्याला कोडी आवडत नसत.

"गाडीत काही सापडत नाही, शेठ," जयवंत म्हणाला.

"सापडत नाही म्हणजे तुम्हाला सापडत नाही. वजन येतंय ना? मग माल येतोय. आणि मागचं दार कशाला उघडतो तो? हवा खायला?"

"माझ्या वडिलांच्या जागी आहेत ते."

"म्हणून पोलिसात देत नाही. सोमवारपासून येऊ नको सांगा."

सोमवारी सकाळी जयवंतने सांगितलं. दिवसाउजेडी, सगळ्या ड्रायव्हरांसमोर, कारण एकट्याने सांगायचा त्याला धीर झाला नाही. धाकूकाकांनी गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. रागावले नाहीत, रडले नाहीत.

"जयवंता, सांजेक मागचा दार तेवढा उघडीत जा. अर्धो तास. बाकी काय करूचा नाय."

"कशासाठी?"

"माझो राग त्या दारावर काढू नको," एवढंच म्हणून ते फाटकाबाहेर पडले.

त्याच दुपारी जयवंतने मुलुंडहून नवं कुलूप आणलं, मागच्या दाराला घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

४

चारकोपच्या रस्त्यावर आता रतन जायला लागला. तरणा, गाणी म्हणत गाडी चालवणारा, धाकूकाकांशी काही संबंध नसलेला. सोमवारी संध्याकाळी नलिनीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं नाही. ती उठून बाहेर आली, जयवंतजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बावन्न."

त्या रात्री जयवंतला जेवण गेलं नाही. काकांकडे जाऊन पाय धरावेत असं वाटत होतं. पण पाय धरून सांगायचं काय? तुम्ही चोर नाही, मग हे काय आहे, हे तरी सांगा. शेठला काय सांगायचं? वजन चालूच आहे म्हटल्यावर शेठ रतनला काढेल, मग त्याच्या जागी येईल त्याला. त्याने नलिनीला सांगितलं, वजनातला फरक शेठपर्यंत जाऊ देऊ नको, आपल्या दोघांतच राहू दे. आणि तो रोज उद्यावर ढकलत राहिला. असे नऊ दिवस गेले.

त्या नऊ दिवसांत गोडाऊन बदललं. कसं, ते नेमकं सांगता आलं नसतं. हमाल मागच्या भागात जायला कुरकुर करायला लागले. भीती वाटते असं कोणी म्हणालं नाही. एक जण म्हणाला, तिकडे गरम होतं. जानेवारी संपत आला होता, सकाळी अंगावर शाल घ्यावी लागत होती, आणि गोडाऊनच्या मागच्या भागात मात्र लग्नाच्या हॉलसारखी कोंदट ऊब. हमाल खोकी उचलताना उगाचच अंग चोरून चालायचे, गर्दीतून वाट काढावी तसे. चालताना "जरा सरका" असं एकाच्या तोंडून निघून गेलं. मग तो स्वतःच थबकला आणि खोकं तिथेच ठेवून बाहेर निघून आला.

महिनाअखेरीला कारखान्याचे ट्रक आले नाहीत आणि गोडाऊन जवळजवळ मोकळं झालं. रिकाम्या गोडाऊनमध्ये आवाज घुमतो. साधं खाकरलं तरी पत्र्यावरून परत येतो. जयवंत मध्यभागी उभा राहून हमालांच्या मुकादमाला हाक मारायला गेला, "ओ मुकादम!" आणि त्याचा आवाज तोंडापुढेच विरला. घुमला नाही. खचाखच भरलेल्या खोलीत बोललेला आवाज जसा माणसांच्या अंगांत मुरतो, तसा मुरला.

त्याने पुन्हा हाक मारली नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकळी फरशी दिसत होती. तो मागे न वळता, पाठीमागे हाताने चाचपत, दारापर्यंत आला.

५

तरी त्याला स्वतः पाहायचं होतं. नवव्या दिवशी तो रतनबरोबर गाडीत बसला.

बोरीवलीची दुकानं झाली, कांदिवली झाली, चारकोपला शेवटचं खोकं उतरलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक खाजगी काटा होता. जयवंतने गाडी त्यावर चढवायला लावली. रिकामी गाडी. वजन अगदी नेमकं.

"चल," तो रतनला म्हणाला. "मी मागे बसतो. दार बाहेरून लाव आणि वाटेत कुठे थांबू नको."

"मागे? साहेब, धूळ बसेल."

"बसू दे."

पत्र्याच्या डब्यात अंधार होता, पण मिट्ट नव्हता. मागच्या दाराला गंजून पडलेली भोकं होती, त्यांतून उन्हाच्या पाच-सहा काड्या आत आल्या होत्या आणि साबणाची धूळ त्यांत तरंगत होती. जयवंत पुढच्या बाजूला, ताडपत्रीवर बसला. हायवे लागला, जोगेश्वरी आली, गाडी उजवीकडून डावीकडे झुकली आणि पवईच्या रस्त्याला लागली. या रस्त्याबद्दल त्याने चौकशी केली होती. अपघात, खून, काही? चढावरचा चहावाला म्हणाला होता, इथे काही होत नाही साहेब, म्हणून तर धंदा नाही.

चढाला इंजिन दमलं. गाडी हळू झाली, पण थांबली नाही. जयवंत चाकांचा आवाज ऐकत होता, चाकं फिरतच होती.

मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरले.

माणूस मागच्या फळीवर पाय देऊन चढतो तेव्हा होतो तोच आवाज. तळाचा पत्रा मागच्या बाजूला बोटभर खाली गेला. दार बंदच होतं. मग उन्हाची एक काडी विझली. तिच्या शेजारची विझली, तिसरी विझली. पहिली पुन्हा उजळली. काहीतरी उभं राहिलं होतं आणि मग ते खाली बसलं.

जयवंतने पाय जवळ ओढून घेतले.

ते त्याने विचार करून केलं नाही. बसमध्ये शेजारी कोणी बसायला आलं की आपण सरकतो, तसं झालं ते. नंतर त्याला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटली, की त्या क्षणी तो घाबरला नव्हता. अनोळखी माणसाबरोबर एका खोलीत कोंडल्यावर वाटतो तसा नुसता संकोच वाटला होता. समोरच्या अंधारातून श्वासाचा आवाज येत नव्हता. गाडी वळणावर कलली की तिथला पत्रा दबायचा, कलणं संपलं की सुटायचा. कोणीतरी तोल सावरत होतं.

नाहूरला गाडी काट्यावर चढली. रतन उतरला, त्याने मागची कडी काढली. जयवंतने खाली उडी मारली, दार तसंच उघडं ठेवलं आणि रतनला घेऊन काट्यावरून बाजूला झाला. नलिनी खिडकीतून म्हणाली, "पंचावन्न."

पाटे करकरले आणि गाडी बोटभर वर उचलली गेली.

"अजून पंचावन्नच," नलिनी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "अजून... आता गेलं. साहेब, काट्यावरून उतरलं."

काट्याच्या कडेपासून गोडाऊनचं दार दहा पावलांवर होतं.

६

जयवंतने रतनची गाडी तशीच घेतली आणि भांडुपच्या टेकडीवर गेला. धाकूकाकांची खोली वरच्या अंगाला होती. दारात त्यांची बायको वनमालाकाकू तांदूळ निवडत बसली होती.

"इलस?" ती म्हणाली. "नऊ दिवसांनी?"

"काकू, मला काकांशी बोलायचंय."

"चोराशी काय बोलतलस?"

आतून धाकूकाकांनी तिला गप्प बसायला सांगितलं. ते खाटेवर बसले होते, नऊ दिवसांत पार वाळून गेल्यासारखे. जयवंतने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. माफीचे शब्द त्याने वाटेत जुळवले होते, पण निघालं ते वेगळंच.

"मी मागे बसलो होतो आज," तो म्हणाला.

काकांनी मान हलवली. "माका पयल्यांदा वाटला, गाडीचोच काय तरी बिघाड. मग सांजेक सगळी गेली आणि मी एकटो ऱ्हवलंय, तेव्हा समाजला. कोण तरी दाराकडे उभा आसा. भायर जावचा आसा तेंका, पण दार उघडूक येत नाय. म्हणान मी उघडलंय."

"कोण आहेत ती?"

"माका म्हायत नाय रे. माका फक्त इतक्याच कळता, की ती आपल्याकडे रवाक येत नाय. तेंका पुढे जावचा असता. आपला गोडाऊन मधला ठिकाण." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "एक दिवस ल्हान होता. तेचो हात धरूचो असा माका वाटला. धरूक नाय मी."

तांदूळ निवडायचा आवाज थांबला होता.

"दार कधीपासून बंद आसा?" काकांनी विचारलं.

"तुम्ही गेलात त्या दिवसापासून."

"एक दिवसपण उघडूक नाय?"

"कुलूप घातलं मी."

धाकूकाका उठून उभे राहिले. "जा," ते म्हणाले. "आत्ताच जा. उजेड आसा तोवर. दार उघड, बाजूक रव, आणि मान वर करू नको. तेंका आज रवा म्हणू नको, उद्या जावा म्हणू नको. जा!"

७

साडेपाच वाजले होते. हमाल निघून गेले होते. नलिनी काट्याच्या खोलीत एकटी होती. जयवंतने तिला घरी जायला सांगितलं.

"तुम्ही आत एकटे असताना मी नाही जाणार," ती म्हणाली.

गोडाऊनमधली ऊब दारातच अंगावर आली. जयवंत भिंतीला धरून, पाठ भिंतीला घासत मागच्या दारापर्यंत गेला. मधून जायचा त्याला धीर होईना. कुलूप काढलं, लोखंडी दार ओढलं. बाहेर खाजणावर पिवळं ऊन पसरलं होतं. गटारावर ती फळी, हातभर रुंद, दोन्ही टोकांना मातीत रुतलेली. तो बाजूला सरकला आणि मान खाली घातली. खाली पाहिलं की फळी दिसत होती.

बराच वेळ काही झालं नाही. मग फळी मधोमध वाकली आणि सरळ झाली.

थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. वारा नव्हता, तरी दारातून दर वेळी हवेची हलकी सळसळ त्याच्या हाताला लागून जायची, साडीचा पदर लागावा तशी. मोजायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण गाड्या मोजण्यात आयुष्य गेलेला माणूस तो. पाच झाली, सहा झाली. त्याला खोकला आला आणि तो खोकला पत्र्यावरून किंचित घुमून परत आला. गोडाऊन मोकळं होत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ झाली. नववं गेलं तेव्हा फळी जेमतेम वाकली, कोणी वयस्कर, जपून पावलं टाकणारं असावं.

संपलं होतं. त्याने दाराला हात घातला.

फळीचं पलीकडचं टोक खाली गेलं.

खाजणाकडचं टोक. माती चुरचुरली आणि ते टोक तिच्यात रुतलं. मग मधला भाग वाकायला लागला. मघाची नऊजणं गेली तेव्हा फळी बोटभर वाकली होती. आता ती वाकतच गेली, गटारातल्या पाण्याला टेकली, आणि पाणी तिच्यावरून वाहायला लागलं.

जयवंतला एकदम कळलं, आणि ते कळणं त्याच्या धंद्यातलंच होतं. माल वेळेवर पोचला नाही की दुकानदार पहिल्या दिवशी वाट बघतो, दुसऱ्या दिवशी चिडतो, आणि त्यानंतर स्वतः उठून गोडाऊनला येतो.

"गेले," तो म्हणाला. मान खालीच होती. "सगळे आत्ताच गेले. उशीर झाला. चूक माझी आहे."

फळी तशीच दबलेली राहिली. ऐकत असल्यासारखी. मग अलीकडच्या टोकाशी एक बारीक चीर गेली, आणि फळी हळूहळू वर आली. ती वर आली तेव्हा जयवंतच्या शेजारी, दारात, उन्हाचा पट्टा पडला होता तो नव्हता.

त्याने डोळे मिटले. आवाज झाला नाही. धक्का बसला नाही. फक्त घुमणारं ते मोकळं गोडाऊन एका क्षणात बहिरं झालं, कानांत कापूस कोंबल्यासारखं. त्याला स्वतःचा श्वास ऐकू येईना. किती वेळ, कोण जाणे. मग पुढच्या बाजूने, खूप लांबून आल्यासारखी, नलिनीची किंकाळी आली.

तो धावला. ती काट्याच्या खोलीत भिंतीला चिकटून उभी होती. काट्याचा वजनं लावायचा आडवा दांडा पार वर जाऊन अडकला होता.

"सगळी वजनं लावली," ती रडत म्हणाली. "पाच टनापर्यंत सगळी लावली, साहेब, तरी दांडा खाली येईना! काट्यावर काही नव्हतं. काहीच नव्हतं हो!"

बघता बघता दांडा खण्णकन खाली पडला.

"कुठे गेलं?"

तिने फाटकाबाहेर बोट दाखवलं. रस्त्याकडेच्या विजेच्या तारांवर संध्याकाळचे कावळे बसले होते. पहिल्या खांबावरचे एकदम उडाले. मग दुसऱ्यावरचे. मग तिसऱ्यावरचे. ती उडण्याची रांग न थांबता भांडुपच्या दिशेने लांब लांब जात राहिली, टेम्पो रोज ज्या रस्त्याने येतो त्या रस्त्याने.

८

दुसऱ्या दिवशी रतनची गाडी नेमकी रिकामी परत आली. त्यानंतरही रोज. चढाला गाडी आता दबत नाही, रतन म्हणाला, सरळ वर जाते. श्यामसुंदर शेठ खूश झाला. धाकूकाकांना परत घ्यायला त्याने फारशी खळखळ केली नाही, कारण जयवंतने त्याच्या हातात राजीनामाच ठेवला होता, काका नाहीत तर मीही नाही म्हणून. काका गाडीवर मात्र बसले नाहीत. मागच्या दाराची राखण तेवढी करतो म्हणाले.

कामावर आल्याच्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी जयवंतला सगळं विचारून घेतलं. नऊ गेली, हे ऐकून त्यांना जरा बरं वाटलं. पुढचं ऐकताना ते खाली बघत राहिले.

"आता गाडीत कोण येत नाय?"

"नाही. एक किलोसुद्धा नाही."

"मग तीं चढावर आसत काय नसत?"

जयवंत स्वतः दोनदा त्या चढावर जाऊन उभा राहिला होता. चहावाल्याची टपरी बंद होती. झाडं होती, उतार होता, तलावाचं पाणी होतं. मोकळ्या रस्त्यावर त्याने एकदा हळूच हाक मारली होती आणि ती टेकडीवरून जशीच्या तशी परत आली होती.

"आणि ता?" काकांनी विचारलं. "जा पुढच्या दारान भायर गेला, ता परत इला?"

"नाही."

"खाजणात परत जाऊक नाय?"

"मी रोज बसतोय काका. फळीवर नजर ठेवून. अजून नाही."

धाकूकाकांनी दार पूर्ण उघडलं, टोपी काढली आणि बाजूला उभे राहिले. जयवंत दुसऱ्या बाजूला उभा राहिला. बाहेर शहरभर दिवे लागत होते, अंधेरीपासून मुलुंडपर्यंत, घराघरांत. आपला माल न्यायला ते आता त्यातल्या कुठल्या घरात शिरलं होतं आणि तिथे काय मोजत होतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं. ते अंधार पडेपर्यंत वाट देऊन उभे राहिले, आणि त्या वाटेने कोणीही गेलं नाही.